फिल्मफ्रीवे: जवळच्या छोट्या महोत्सवाला फिल्म पाठवू का, हे ठरवताना

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका तंबोऱ्याच्या कारागिरावर मी 22 मिनिटांची डॉक्युमेंटरी केली आहे. शेजारच्या एका तालुक्याच्या गावी छोटा चित्रपट महोत्सव भरतो. तिथे ती पाठवावी का, हे ठरवताना फिल्मफ्रीवे ही महोत्सवांना ऑनलाइन फिल्म पाठवायची साइट किती कामी आली ते लिहिते.

2019 मध्ये विदाउटअबॉक्स ही अशीच जुनी साइट बंद पडल्यावर स्वतंत्र फिल्मवाल्यांचा मोठा ओघ या साइटकडे आला. खातं फुकट आहे. फिल्म, पोस्टर, सारांश, दिग्दर्शकाची माहिती एकदा भरून ठेवली की तीच पुढे हव्या तितक्या महोत्सवांना जाते. हे काम साइट चोख करते. लवकर पाठवलं तर प्रवेश फी कमी, शेवटच्या तारखेकडे ती चढत जाते, आणि एकदा भरली की सहसा परत मिळत नाही. फी डॉलरमध्ये असेल तर बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा धरा.

निवड करायला मात्र साइट फारशी मदत करत नाही. दर महिन्याला ऑनलाइन पुरस्कार वाटणारे, ढीगभर विभाग काढून वर ट्रॉफी विकणारे 'महोत्सव' आणि खरोखर हॉल घेऊन चार माणसं जमवणारे महोत्सव यादीत शेजारी शेजारी बसतात. लॉरेल, म्हणजे पोस्टरवर लावायचं पानांच्या कमानीचं निवडचिन्ह, दोघांचंही सारखंच दिसतं. साइटवरच्या रेटिंगच्या चांदण्यांवर मी विसंबत नाही, कारण निवड झालेला माणूस खुशीत भरभरून लिहितो. मी पाहते ते स्थळ, मागच्या वर्षांचं वेळापत्रक आणि प्रेक्षकांचे फोटो. फक्त स्टेजवरच्या सत्काराचे फोटो असतील तर पुढे जाते.

या महोत्सवाच्या पानावर प्रेक्षक दिसले, म्हणून फोन लावला. माझ्या फिल्मचा सगळा जीव आवाजात आहे. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, काढतात, मग तारेखालचा दोरा किंचित सरकवला की स्वर एकदम खुलतो. पत्र्याच्या स्पीकरवर तो क्षण मरतो. आयोजक सरांना तेच विचारलं. ते म्हणाले, "ताई, डीसीपीची (थिएटरमध्ये फिल्म दाखवायच्या खास डिजिटल फाइलची) सोय नाही आमच्याकडे. पण नाट्यगृह आहे, साउंडवाला आमचाच आहे. सकाळी लवकर या, तुमच्या समोर लावून बघू." फिल्म मध्येच कापणार का, नंतर बोलायला वेळ देणार का, याचीही सरळ उत्तरं मिळाली. हे कुठल्याही रेटिंगवरून कळलं नसतं.

खरा प्रश्न उरला प्रीमियरचा. व्हेनिस किंवा बर्लिनवर डोळा असेल तर आधी कुठेही दाखवण्यापूर्वी त्यांचे नियम वाचाच, तिथे पहिल्या प्रदर्शनाला फार महत्त्व आहे. माझी फिल्म त्या वाटेची नाही. तिला असे प्रेक्षक हवेत ज्यांच्या घरात कुणीतरी भजनाला बसतं, ज्यांचा कान तंबोऱ्याला सरावलेला आहे. शिवाय हे गाव इतकं जवळ की कारागीर काका स्वतः येऊन प्रश्नांना उत्तरं देऊ शकतील. पाठवायचं ठरवलं, आणि कमी फीच्या मुदतीतच पाठवली.

साइटचं पैसे भरून घ्यायचं गोल्ड सदस्यत्व मी घेतलेलं नाही. त्यातली सवलत ठराविक महोत्सवांनाच लागू होते. तुमच्या यादीतले महोत्सव त्यात आहेत का ते पाहा, मगच कार्ड काढा.