१२५ मिमी रँडम ऑर्बिटल सँडर: काही महिने गाडीच्या पार्टवर वापरल्यानंतर

बॉनेट, दरवाजे, फेंडर आणि बंपर घरी रंगासाठी तयार करायला ५ मिमी ऑर्बिटचं (म्हणजे पॅड ५ मिमीच्या छोट्या वर्तुळात घुमतं), वेग कमी-जास्त करता येणारं सँडर काही महिने वापरात आहे. जुना क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) उतरवणं, उडालेल्या रंगाच्या कडा उतरत्या करून मुरवणं आणि प्रायमर घासणं यांत ते हाताच्या कितीतरी पुढे आहे. पुट्टी सपाट करायला मात्र ते चुकीचं हत्यार आहे, आणि घेण्याआधी एवढं माहीत असायलाच हवं.

पॅड मऊ असतं. पुट्टी आणि शेजारचा रंग यांचा कडकपणा सारखा नसतो, त्यामुळे मशीन पुट्टी आधी खातं आणि मध्ये हलका खळगा पडतो. मॅट प्रायमरवर तो दिसत नाही. क्लिअर चढला की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं तिथेच वाकतं. म्हणून पुट्टीला हाताने धरायचा लांब सँडिंग ब्लॉकच हवा: ८० नंबरचा सँडपेपर (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), मग १२०, मग १८०, हात एकमेकांना छेदत तिरपे. प्रत्येक नंबर बदलण्याआधी काळा गाइड कोट (खोल जागा दाखवणारा पातळ रंग किंवा पावडर) मारावा. काळं जिथे उरतं ती जागा खोल आहे. तिथे आणखी घासत बसू नये, पुट्टीचा पातळ हात द्यावा. आणि पुट्टी कोरडीच घासावी. ती पाणी शोषते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड आणतं.

सँडरचं खरं काम कडा मुरवण्यात दिसतं. १८० आणि मग २४० नंबरने क्लिअर, रंग, प्रायमर यांचे पट्टे एकाबाहेर एक रुंद उघडले पाहिजेत. डोळे मिटून बोट फिरवल्यावर पायरी लागली, तर ती रंगानंतरही दिसणार. प्रायमर जिथवर जाणार तो भोवतालचा भाग ३२० ने घ्यावा. प्रायमर वाळल्यावर ४००, मग ५००, पॅड आणि चकतीच्या मध्ये फोमचं मऊ इंटरफेस पॅड लावून. ५ मिमी ऑर्बिट भरभर कापतं, पण शेवटचा हात २.५ किंवा ३ मिमीचं मशीन जास्त स्वच्छ देतं.

वेटोळे ओरखडे ही या मशीनची मोठी डोकेदुखी, मेटॅलिक रंगात तर ते हमखास उठून दिसतात. पॅड तिरकं धरलं, सँडपेपरच्या चकतीखाली कण अडकला किंवा चकती धुळीने भरून गेली की ते पडतात. पॅड पार्टवर सपाट टेकवून मगच चालू करावं, मशीनचं वजन पुरे, वरून दाब नको. व्हॅक्यूम जोडल्यावर चकत्या बऱ्याच जास्त टिकतात. सोबतची धुळीची पिशवी अर्धी भरली की ओढ (सक्शन) कमी होते. मात्र ओढ फार ठेवली तर पॅड पार्टला चिकटून धक्के मारतं.

वापराने दोन भाग झिजतात. दाबून चालवल्यास उष्णतेने पॅडचे वेल्क्रो हुक वितळतात आणि चकती सुटते. ब्रेक रिंग (पॅडचं मोकळं फिरणं रोखणारी रबरी कडी) झिजली की हवेत उचललेलं पॅड सुसाट फिरू लागतं आणि टेकताच खोल ओरखडा काढतं. पॅड आणि रिंग दोन्ही सुटे मिळतील असंच मॉडेल घ्यावं.

बॉडी लाइन आणि कडांवर मशीन क्षणात पत्र्यापर्यंत पोचतं. तिथे आधी मास्किंग टेप लावावी आणि नंतर तेवढी पट्टी करड्या स्कफ पॅडने (घासायच्या जाळीदार पॅडने) हाताने घ्यावी. उघड्या पत्र्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा, नुसत्या हाताने स्पर्श करू नये.

घासण्याआधी साबणाने धुणं आणि वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसणं टाळू नका. आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत शिरतं आणि रंगात फिश आय (रंग मागे सरकून पडलेले छोटे गोल खड्डे) पडतात. धुळीचा मास्क सगळा वेळ हवा. टू-के (हार्डनर मिसळायचा) प्रायमर मारताना तो पुरत नाही, त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनासाठी उत्पादकाने सांगितलेलंच श्वसनसंरक्षण लागतं.

बंपरवर वेग सगळ्यात कमी ठेवावा. प्लास्टिक तापलं की वितळून चकतीत भरतं आणि पॉलिप्रॉपिलीनला (बंपरच्या नेहमीच्या प्लास्टिकला) बारीक तूस येते. उघड्या प्लास्टिकवर अॅडहिजन प्रमोटर (रंग प्लास्टिकला धरून ठेवणारा थर) लागतोच, त्यामुळे जुना रंग घट्ट असेल तर प्लास्टिक उघडं पाडू नये, ४०० नंबरने नुसती चमक घालवावी.