कारागिरांची स्वतःची संस्था: सहकारी की एलएलपी?

कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपलेची वेणी घालणाऱ्या एका ताईंचा प्रश्न: "व्यापाऱ्याकडनं जोडामागं मजुरी घेण्यापेक्षा आम्हीच मिळून धंदा काढायचा, तर नोंदणी कशाची करू?"

सुरुवातीला एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, सोपी. दोघी पुरे, नोंदणी ऑनलाइन. सहकारी संस्थेला महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यानं वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात, उपविधी (संस्थेचे लेखी नियम) लागतात, निबंधक कार्यालयात खेटे घालावे लागतात. कामगारांच्या संस्थेसाठी ही अट खाली यायलाच हवी. सहा कारागिरांनी काय करायचं?

मालकीत मात्र सहकारी संस्था सरस. भाग (शेअर) कितीही असोत, मत एकच. एलएलपीत सगळं करारावर चालतं. 'प्रत्येकीला एक मत' हे त्यात लिहूनच घ्या; मतं पैशाप्रमाणं ठरली, तर कातड्याला पैसे घालणारा मालक होऊन बसतो. शिवाय नवी भागीदार घेताना दर वेळी कागद फिरवा. संस्थेत अर्ज मंजूर झाला, भाग घेतला की सभासद.

वर्षाचा खर्च दोन्हीकडं आहेच: संस्थेला लेखापरीक्षण, एलएलपीला उलाढाल शून्य असली तरी विवरणपत्रं.

पाच-सहाजणी असाल आणि ऑर्डर हातात असेल, तर एलएलपी. गल्लीतली दहा-पंधरा घरं एकत्र येत असतील, तर संस्थाच काढा.