पॉलिशला पैकीच्या पैकी, स्क्रूंना शून्य: कपाट दुरुस्तीचा पावसाळ्यानंतरचा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. घरचंच दुकान आहे. जुनं लाकूड वडील (आमचे ‘काका’) बघतात, दिवाणखान्याची डिझाइनं सून करते आणि फोन न उचलण्याचं खातं मुलाकडे.

आमचं सागवानी कपाट १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात नारायण पेठेतल्या वाड्यात उभंच्या उभं भिजलेलं. वाडा बिल्डरकडे गेला, कपाट कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलं. सुनेने त्याला साजेसा दिवाणखाना करून दिला, त्याबद्दल तक्रार नाही.

पॉलिशवरून बापलेकांचंच वाजलं. मुलगा म्हणे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश करा, टिकतं. वडील म्हणाले, पीयूवर चरा पडला की सगळा थर उतरवत बसा. चपडी लाखेचं फ्रेंच पॉलिश जागच्या जागी जुळतं. खरं निघालं. सोबतच्या टीपॉयवर भाच्याने गरम चहाचा कप ठेवला, पांढरं कडं उमटलं. काकांनी बोळा स्पिरिटमध्ये जेमतेम ओला केला, हलक्या हाताने फिरवला, कडं गायब. पैसे घेतले नाहीत. (पुण्यात. नोंद असावी.)

आता स्क्रू. बिजागऱ्या मूळच्या पितळी, त्यांना एका सरळ खाचेचे पितळी स्क्रू होते. परत आले ते लोखंडी, अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचे! ही खाच बाजारात आली १९३० च्या दशकात, कपाट पणजोबांनी त्याआधी करून घेतलेलं. पेशवाई पगडीला हेल्मेटचा पट्टा लावावा तसं दिसतं. घरचे म्हणतात, कोणाला दिसतंय? मला दिसतंय. रोज शर्ट काढताना. कोटेशनमध्ये ‘मूळ पितळी सामान साफ करून बसवणे’ याचे अडीच हजार स्वच्छ लिहिलेत. मुलाचं उत्तर, "सर, मजबुती तीच आहे."

जुलैत मजबुतीने रंग दाखवला. सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य), लोखंड आणि दमट हवा. स्क्रूंभोवती शाईसारखे काळे डाग. त्यात खालचा खण अडकला. एकच तारा द्यायचा ठरवून बसलो होतो, तेवढ्यात काका आले. मला वाटलं रंधा काढतील. त्यांनी खणाच्या कडांना मेणबत्ती घासली. "लाकूड ओल पिऊन फुगलंय. आत्ता तासलं तर दिवाळीनंतर खण खुळखुळेल. गणपती होऊन जाऊ द्या." ऑक्टोबरच्या उन्हात खण आपसूक सुटला. तारे तीन झाले ते या मेणबत्तीमुळे.

जुने स्क्रू कुठे गेले, हे त्यांनी मुलाला माझ्यासमोरच विचारलं. भंगारात! माझं पितळ विकलं आणि बिलातून दमडी वजा नाही. काकांनी जुन्या बाजारातून सरळ खाचेचे पितळी स्क्रू शोधून आणले, ते वरच्या बिजागऱ्यांना बसले. खालच्या बिजागरीचं माप मिळालं नाही, तिथे अधिकची चिन्हं अजून आहेत. काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतील, पण मग तिथे पॉलिश पुन्हा करावं लागणार. त्याचं वेगळं बिल का, यावर गाडी अडली आहे.

झोपाळाही त्यांनाच देणार आहे, असा हात दुसरीकडे मिळत नाही. पितळी कड्या मात्र आधी काढून, मोजून, माझ्याकडे ठेवणार.