साखर सीमेवर, कोलेस्टेरॉल वाढलेलं: गोळी की पथ्य?

दादाचा रिपोर्ट मार्चमध्ये आला. वय ४८, वजन ७४ किलो. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१, उपाशीपोटी साखर ११२, एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १६८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०. वहिनीने तो फ्रिजवर लावला आणि त्याच संध्याकाळी घरात दोन पक्ष पडले. आई म्हणाली, "गोळ्या सुरू कर, विषाची परीक्षा नको." काका म्हणाले, "एकदा गोळी लागली की जन्माची लागली. आधी चालायला लाग." मी वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, तेव्हा लक्षात आलं की रिपोर्टवर दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आम्ही त्यांना मिळून एकच उत्तर शोधतोय. साखरेच्या बाबतीत काकांचं बरोबर होतं, कोलेस्टेरॉलच्या बाबतीत आईचं.

आधी साखर

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या अलीकडची पायरी. या टप्प्यावर पथ्य आणि गोळी यांची समोरासमोर तुलना झालेली आहे. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. एका गटाने वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा असं ठरलं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या गटाला मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध ८५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं. तिथे घट ३१ टक्के. साठी ओलांडलेल्यांमध्ये पथ्याचा फायदा सगळ्यात जास्त दिसला. मेटफॉर्मिन चांगलं चाललं ते तरुण आणि खूप स्थूल लोकांमध्ये, आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांमध्ये.

पण तिथल्या लोकांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३४ होता. आपली शरीरं तशी नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. "मी कुठे जाड आहे?" म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो फोटो बघावा. आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेला लावलेली टेप जास्त खरं सांगते: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्यापुढे धोका.

म्हणून मला चेन्नईचा अभ्यास जास्त जवळचा वाटतो. ५३१ जण, निष्कर्ष २००६ साली. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना तीनेक वर्षांत मधुमेह झाला. पथ्य-व्यायामाच्या गटात साधारण ३९, मेटफॉर्मिनच्या गटात ४०, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांतही ३९-४०च. म्हणजे आपल्या माणसांत दोन्ही उपाय जवळपास सारखे ठरले आणि एकत्र केल्याने जास्तीचं काही पदरात पडलं नाही. पथ्याच्या गटाचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात. वजनाचा काटा हलण्याची वाट ते बघत नाहीत.

फळ सारखंच असेल तर मी पथ्याला पहिली संधी देईन, कारण त्याने रक्तदाब, पोटाचा घेर, झोप, ट्रायग्लिसराइड्स सगळंच सुधारतं. मेटफॉर्मिन वाईट नाही: जुनं, स्वस्त, भरपूर वापरलेलं औषध आहे. सुरुवातीला पोट बिघडू शकतं आणि वर्षानुवर्षं घेतल्यास बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, तेव्हा तपासत राहावं. एक सूचना बायकांसाठी: लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसू शकतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर एका आकड्यावर घाबरून जाऊ नका.

पथ्य म्हणजे घरात काय झालं, तेही सांगते. दादाच्या ताटात चार पोळ्या आणि वर भात असायचा, भाजी चमचाभर. आता आधी कोशिंबीर आणि वाटीभर उसळ, मग दोन पोळ्या, भात दिवसातून एकदा. चहा चारचे दोन झाले, बरोबरची बिस्किटं गेली. गुरुवारच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी, जिला तो हलका आहार समजायचा, तीही गेली. रात्री जेवल्या जेवल्या सोफ्यावर बसायचं नाही, पंधरा मिनिटं सोसायटीला फेऱ्या. सकाळचं अर्धा तास चालणं वेगळं.

मग कोलेस्टेरॉल

इथे चित्र उलटं आहे. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, यकृत तयार करतं. म्हणून पथ्याला मर्यादा पडते. तूप, लोणी, खोबरं, पामतेल, खारी-नानकटाई कमी केली, डाळी-कडधान्यं आणि इसबगोल वाढवलं, तर मनापासून पथ्य पाळणाऱ्याचं एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं. मध्यम ताकदीची स्टॅटिनची, म्हणजे यकृतात कोलेस्टेरॉल बनणं कमी करणारी, गोळी ते ३० ते ५० टक्के उतरवते. ही बरोबरीची लढतच नाही. एलडीएल साधारण ३९ अंकांनी उतरलं की हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक यांसारख्या घटना पाचात एकीने कमी होतात, हे मोठमोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलेलं आहे. ट्रायग्लिसराइड्सचं तसं नाही. साखर, मैदा आणि दारू कमी केली की ती भराभर उतरतात.

स्टॅटिनची भीती आपल्याकडे फार आहे, आणि दुखऱ्या स्नायूंच्या तक्रारी मी हसण्यावारी नेणार नाही. पण लंडनमध्ये ६० जणांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०२० साली आले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या या लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. त्रास खरा होता, पण बहुतांशी गोळी घेतोय या जाणिवेतून आलेला. तरीही दुखलं तर डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

दुसरी भीती खरी आहे आणि ती नेमकी आपल्या वाचकाची आहे: स्टॅटिनने साखर किंचित वाढते. २०१० सालच्या एकत्रित अभ्यासानुसार २५५ जणांना चार वर्षं गोळी दिली तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो. तो बहुधा आधीच सीमेवर असलेल्याला होतो. ज्याच्या हृदयाला धोका आहे, त्याच्यासाठी हृदयाचा फायदा या तोट्याहून बराच मोठा आहे. उत्तर गोळी टाळणं नव्हे. गोळी घेताना चालणं न सोडणं हे आहे.

थेट गोळीकडे कोणी जावं? ज्याला अ‍ॅटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलाय त्याने. ज्याचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे त्याने, कारण तिथे बऱ्याचदा आनुवंशिक दोष असतो. थायरॉइड मात्र आधी तपासून घ्यावं. ते मंद असलं तरी एलडीएल चढतं. गरोदर असणाऱ्या किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईने हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. उरलेल्यांनी तीन महिने पथ्य करून बघायला हरकत नाही, पण तीन महिने म्हणजे तीनच. "पुढच्या महिन्यापासून नक्की" यात लोकांची पाच पाच वर्षं जातात.

"जन्माची गोळी" या काकांच्या शब्दांवर मी बराच विचार केला. गोळीची सवय लागत नाही. सोडली की एलडीएल काही आठवड्यांत पूर्वपदावर येतं, इतकंच. चालणं सोडलं तर साखरेचंही तसंच होतं. जन्माची तर दोन्ही आहेत.

तीन महिन्यांनी दादाचं वजन ७०, एचबीए१सी ५.८, ट्रायग्लिसराइड्स १४०. वहिनीचे डोळे भरून आले. एलडीएल मात्र १४९ वर अडकलं होतं. आमच्या बाबांना ५१ व्या वर्षी अ‍ॅटॅक आला होता, हे ऐकल्यावर डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केलं. दोन महिन्यांनी एलडीएल ९१. मेटफॉर्मिनचं ठरलंय ते असं: दर सहा महिन्यांनी एचबीए१सी करायचं, चालणं चालू असूनही ते ६.३ च्या वर गेलं तर गोळीचा विषय काढायचा. दादाने हा आकडा फ्रिजवरच्या जुन्या रिपोर्टखाली स्वतःच्या हाताने लिहून ठेवलाय.