चार नंबरचं चेंबर: आठ महिन्यांनंतर

एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये दोन काडतुसं चालतात, या हावेपोटी दोन सिलिंडरवालं मॉडेल घेतलं (सिलिंडर म्हणजे सहा काडतुसांची फिरती चक्री, तिचं एकेक भोक म्हणजे चेंबर). त्यातला .४५ एसीपी काडतुसाचा सिलिंडर पहिल्या आठवड्यातच डब्यात गेला, कारण माझ्याकडे दुसऱ्या काडतुसाची, .४५ कोल्टची, पुन्हा भरायची रिकामी पितळं (काडतुसाची नळकांडी) पोतंभर. भांडण सगळं कोल्टच्या सिलिंडरशी.

२५ यार्डांवर पाच गोळ्या मुठीएवढ्या जागेत, एक भलतीकडेच. महिनाभर स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या. मग चेंबरांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, तेव्हा चोर सापडला: दरवेळी चार नंबरच! वर बॅरलच्या सुरुवातीला शिशाचा थर, तो खरवडण्यात अर्धी संध्याकाळ जायची.

सर्व्हिस सेंटरने पाच आठवडे ठेवून परत पाठवलं. सोबत चिठ्ठी, ‘मर्यादेत आहे.’ कुठल्या मर्यादेत, ते नाही.

नवा सिलिंडरच घेणार होतो. गनस्मिथने अडवलं. हेडस्पेस (काडतुसाच्या बुडामागची मोकळी जागा), सिलिंडर आणि बॅरलमधली फट, प्रत्येक चेंबर बॅरलच्या सरळ रेषेत येणं, सगळं याच फ्रेमवर जुळवावं लागतं; आणि नव्याचे थ्रोट, म्हणजे चेंबरची गोळी बाहेर पडते ती पुढची तोंडं, बरोबर असतील कशावरून? त्याने ०.४५२ इंचाची शिशाची गोळी पुढून थ्रोटमध्ये ठेवली. पाच ठिकाणी जोर लावून कशीबशी गेली, चार नंबरमध्ये हलेना. पिन गेजने (नेमक्या जाडीच्या मोजपट्टी-सळयांनी) मापलं: पाच थ्रोट ०.४५०, चौथा ०.४४८५. बॅरलचा आतला व्यास, खाचांच्या तळाशी, ०.४५१. म्हणजे गोळी आधी थ्रोटमध्ये चेपली जाणार, पुढे बॅरलमध्ये सैल पडणार, बाजूने गरम वायू निसटणार आणि शिसं वितळून चिकटणार.

रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) भाड्याने आणून घरीच करायचा मोह झाला होता. पण हात तिरका गेला तर सिलिंडर भंगारात, म्हणून त्यालाच दिलं. सहाही थ्रोट ०.४५२५ केले. फक्त थ्रोट हं, पितळ बसतं तो भाग नाही. तो मोठा केला तर पितळं फुगतात.

आता सहाही गोळ्या दोन इंचांच्या आत, शिसं नावापुरतं. जॅकेटवाल्या (तांब्याचं वेष्टण असलेल्या) गोळ्यांना मात्र फारसा फरक पडला नाही. तेवढ्याच वापरत असाल तर खर्चात पडू नका.

जाता जाता एसीपीचा सिलिंडरही मापून घेतला. सहाही थ्रोट ०.४५२! आठ महिने तो डब्यात, आणि मी बॅरल खरवडत.

चार नंबरवरचा ठिपका अजून पुसलेला नाही. लक्ष्याजवळ गेलो की आधी तिथलीच गोळी शोधतो.