नटराजाचे दोन कान: सोलापुरातील एका मूर्तींच्या दुकानाविषयी

सोलापूरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत पितळी आणि पंचधातूच्या मूर्तींचे एक जुने दुकान आहे. गेल्या महिन्यात मी तिथे दोनदा गेलो, एकदा केवळ पाहण्यासाठी आणि एकदा घेण्यासाठी. मांडणी दाटीवाटीची आहे आणि उजेडही बेताचाच आहे. परंतु मालक मूर्ती हातात घेऊ देतात, उलटीपालटी करून पाहू देतात, आणि धातूची मूर्ती घेणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

पहिली शिफारस झाली ती फूटभर उंचीच्या नटराजाची. चोळ राजांच्या काळात तमिळ प्रदेशात स्थिरावलेल्या या रूपात मागच्या उजव्या हातातील डमरू सृष्टी सुचवतो, डाव्या हातातील ज्वाला संहार. पुढचा उजवा हात अभय देतो आणि हत्तीच्या सोंडेप्रमाणे आडवा आलेला डावा हात उचललेल्या पावलाकडे, म्हणजे भक्ताच्या आश्रयस्थानाकडे निर्देश करतो. एवढे सारे या मूर्तीत होते. कानांनी मात्र निराशा केली. जुना मूर्तिकार उजव्या कानात पुरुषाचे मकरकुंडल आणि डाव्या कानात स्त्रीचे गोल पत्रकुंडल घालून शिवाचे अर्धनारीत्व बोटभर जागेत सांगून टाकतो. इथे दोन्हीकडे एकसारखे मणी होते. पायाखालचा अपस्मार नावाचा बुटका असुर, जो अज्ञानाचे रूप मानला जातो, नाकडोळे हरवून नुसता गोळा झाला होता आणि वेगळी ओतून डाग दिलेली प्रभावळ डावीकडे कलली होती.

कुंडलांविषयी विचारताच नोकर म्हणाला, “दोन्ही कान सारखेच असतेत की, साहेब.” मालकांनी त्याला थांबवले आणि असले बारीक काम हवे असेल तर मेणाच्या पद्धतीची मूर्ती घ्यावी लागेल, असे सरळ सांगितले. ही पद्धत आपल्याला परकी नाही. बसवकल्याणहून, म्हणजे तेव्हाच्या कल्याणीहून, राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त तिचे वर्णन आहे: मेणाची प्रतिमा करायची, तिला धोत्र्याच्या फुलासारख्या तोंडाशी पसरट नळ्या जोडायच्या, मातीचे थर द्यायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. धातू किती लागेल याचा हिशेबही मेणाच्या वजनावरून करायचा. शेवटी माती फोडावी लागते, त्यामुळे त्या साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही.

मालकांनी वरच्या फळीवरून याच पद्धतीची वीतभर देवी काढून दिली. चिठ्ठीवर ‘लक्ष्मी’ लिहिले होते, पण शरीराचा त्रिभंग, म्हणजे तीन ठिकाणी वळलेली उभे राहण्याची ढब, सैल सोडलेला डावा हात आणि काही धरल्यासारखा वळवलेला उजवा हात हे सारे चोळ पद्धतीच्या पार्वतीचे होते. त्या बोटांच्या कड्यात धातूचे फूल नव्हते; हा कटकहस्त ताजे फूल खोवण्यासाठीच पोकळ ठेवतात. पीठाला दोन्ही बाजूंनी भोकेही होती. चोळकालीन उत्सवमूर्तींना त्यांतून दांडे घालून मिरवणुकीत नेत असत. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालणाऱ्या सोलापूरकराला देव रस्त्यावर येतो म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. घरच्या वीतभर मूर्तीला त्या भोकांचा उपयोग शून्य, तरी कारागिराने ती वगळली नाहीत, यावरूनच मी ही मूर्ती घेतली.

भाव किलोवर होता आणि मेणाच्या कामाला पुन्हापुन्हा वापरायच्या साच्यातल्या मूर्तीच्या जवळजवळ दुप्पट दर लावला. घासाघीस करूनही तो फारसा उतरला नाही. मला तो रास्त वाटला. तक्रार आहे ती बिलाची: तोंडी ‘पंचधातू’ म्हणून विकलेल्या वस्तूवर केवळ ‘पितळी मूर्ती’ लिहिले होते आणि आग्रह केल्यावरही ते बदलून मिळाले नाही. बांधणीही वर्तमानपत्राच्या दोन घड्यांपुरतीच होती. मोठा नटराज घ्यायला जाणाऱ्यांनी निदान आधी त्याचे कान पाहावेत. लहान मूर्तींसाठी मात्र दुकान निश्चित चांगले आहे. देवीच्या बोटांत शेवंतीचा देठ जाड पडतो, मोगऱ्याचा नेमका बसतो.