मधुमेह, मोतीबिंदू आणि दोन इंजेक्शनं

आईचा मोतीबिंदू काढायचा ठरला, तेव्हा साखरेइतकीच धास्ती डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) होती. मधुमेहात शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलात पाणी साचून सूज येऊ शकते. मग लेन्स उत्तम बसलेली असते, पण पेपरातल्या ओळी मात्र वाकड्या दिसतात.

ही सूज टाळायला थेंबांच्या जोडीला इंजेक्शन द्यावं का, आणि दिलं तर कोणतं? युरोपात झालेल्या ‘प्रीमेड’ चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. आधीपासून सूज नसलेल्या मधुमेही रुग्णांना ब्रोमफेनॅक आणि डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या औषधांचे थेंब सगळ्यांनाच होते; फरक इंजेक्शनाचा.

बेव्हॅसिझुमॅब हे रक्तवाहिन्यांची गळती रोखणारं औषध थेट डोळ्याच्या आत टोचतात. ऐकायला भारी, पण सूज टाळण्यात त्याचा ठळक फायदा दिसला नाही. शिवाय आत सुई म्हटलं की जंतुसंसर्गाचा धोका, थोडा का होईना, आलाच.

ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टेरॉइड बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पापुद्र्याखाली देतात. तिथे औषधाचा पांढरा साका दिसतो. ते मिळालेल्यांमध्ये सहा आठवड्यांनी मॅक्युलाची जाडी, ते न मिळालेल्यांपेक्षा, सरासरी 12 मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी होती. खोट एकच, पण मोठी: डोळ्याचा दाब वाढू शकतो, आणि थेंब बंद करावेत तसा हा साका बंद करता येत नाही. काचबिंदू असेल तर मी याच्या वाटेला जाणार नाही.

नाहीतर माझा कौल स्टेरॉइडलाच. मॅक्युलाला आधीच सूज असेल, तर मात्र हिशेब वेगळा. तिथे बेव्हॅसिझुमॅबच्या जातीची औषधं उपचार म्हणून खरोखर कामाला येतात. म्हणून आधी ओसीटी, म्हणजे पडद्याची जाडी दाखवणारा स्कॅन, करून घ्या.